मुद्दाम निववलेला भात

मराठी घरात भाताच्या दोनच अवस्था असतात. गरम आणि शिळा. मधली एक अवस्था असते ती फार तर दहा मिनिटांची, आणि त्या वेळात घरातल्या बाईचा आवाज चढलेला असतो. "पानं घेतलीत, चला, भात निवतोय!" हे वाक्य मी लग्न झाल्यापासून इतक्या पट्ट्यांत म्हटलं आहे की आता शेजारच्या घरातली माणसंही त्यावर जेवायला उठतात. आमची तेवढी उठत नाहीत. भात वाढायची वेळ आणि पुरुषमाणसांना अचानक नखं कापावीशी वाटण्याची वेळ एकच असते, याला काही इलाज नाही. भात निवला की त्याची पत गेली. मग रात्री त्याच्यावर ताक पडतं, नाहीतर सकाळी फोडणी. हे त्याचं पुनर्वसन झालं. जुना हुद्दा काही परत मिळत नाही.

अशा घरात ताजा वाफाळता भात करून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्याला वारा घालून तो गार करायचा, हे धाडस मी केलं ते भाचीच्या भरवशावर. ती तोक्योला निशी-कासाई भागात राहते. हा भाग आपल्या लोकांनी इतका भरलेला आहे की तो ज्या एदोगावा वॉर्डात मोडतो, त्याच्या सभेवर २०१९ मध्ये पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक निवडून आले. तिला तिथे कोपऱ्यावर कढीपत्ता मिळतो. मला डोंबिवलीत तांदळाचं व्हिनेगर मिळवायला चार दुकानदारांचे टोमणे ऐकावे लागले.

"मावशी, अगदी सोपं आहे," भाची म्हणाली. जगातली सगळी अवघड कामं या वाक्यानं सुरू होतात. "सुशीचा भात करायचा, पण वळत-गुंडाळत बसायचं नाही. भात पसरायचा आणि वर भाज्या विखरायच्या. चिराशी म्हणतात. तू थोड्या भाज्या वाढव, वरून तिळाच्या तेलाचं ड्रेसिंग घाल, झालं राइस सॅलड."

जपानमध्ये ही चिराशी ३ मार्चला, मुलींच्या आणि बाहुल्यांच्या सणाला हटकून करतात, त्यात कोळंबी असते, अंड्याच्या पातळ पोळीच्या बारीक शेवया असतात. आमच्याकडे गुरुवार असल्यानं कोळंबी आणि अंडं हे दोन्ही प्रश्न चर्चेला न येताच निकालात निघाले.

राहिला सॅलडचा. आमच्या घरी सॅलड म्हणजे स्टीलच्या ताटलीत काकडीच्या चकत्या, टोमॅटोच्या चकत्या आणि पाहुणे असतील तर लिंबाची फोड. त्यात भात? माझे सासरे अप्पा रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना एका रकान्यातली रक्कम दुसऱ्या रकान्यात दाखवलेली चालत नाही. "भात हा भात आहे आणि कोशिंबीर ही कोशिंबीर आहे," ते म्हणाले. "डावी बाजू वेगळी, मधली बाजू वेगळी. एकत्र करायचं असेल तर ते आपण तोंडात करतो."

पहिला अडसर तांदळाचा. जपानी सुशीला जो कोशिहिकारी तांदूळ नावाजलेला आहे, त्या जातीला १९५६ साली हे नाव मिळालं. इथे तो मिळतो, पण किलोचा भाव ऐकून अप्पांनी "तोळ्याचा का?" असं विचारलं. मग मी घरातला इंद्रायणी काढला. यामागे कंजुषी होती, पण नुसती कंजुषी नव्हती. ज्या तांदळात अमायलोज हा स्टार्च कमी, तो शिजल्यावर चिकटतो, आणि या सॅलडला चिकटणारा भातच हवा. इंद्रायणी १९८७ साली वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून बाहेर पडला; त्याच्या पूर्वजांत आपला आंबेमोहोर आहे. दाणा शिजला की मऊ, एकमेकांना धरून राहणारा.

आणि इथे माझा एक जुना हिशेब आहे. आमच्या पिढीच्या बायकांना पाककृतींच्या पुस्तकांनी मोकळ्या भाताच्या धाकात ठेवलं. शीत न् शीत सुटं झालं पाहिजे! पुलाव मोकळा, मसालेभात मोकळा, पाहुण्यांसमोरचा साधा भातही मोकळा. चिकट भात हा घरच्या माणसांसाठी, आजाऱ्यासाठी, फार तर वरणाखाली दडपायला. माझ्या एका नणंदेनं माझ्या हातचा भात "गुरगुट्या" ठरवला होता, तो शेरा अजून माझ्या सेवापुस्तकात आहे. आणि आता कळतं की समुद्रापलीकडे एक अख्खा देश भात चिकट व्हावा म्हणून तो अर्धा तास भिजत घालतो, पाणी मोजून ओततो आणि दाणे चिकटले नाहीत तर खट्टू होतो. मी नणंदेला त्याच दिवशी फोन केला. कारण काही सांगितलं नाही, नुसती विचारपूस केली. पण आवाजात फरक पडला असावा, कारण तिनं "काय झालंय?" असं तीनदा विचारलं.

भाचीचा इंद्रायणीवर एकच आक्षेप होता. "मावशी, त्याला वास असतो गं. सुशीच्या भाताला स्वतःचा एवढा वास नको." मी फोन नेटवर्कमुळे कट झाला असं भासवलं.

तांदूळ पाणी जवळजवळ नितळ होईपर्यंत धुतला, भिजवला, आणि जाड बुडाच्या पातेल्यात झाकण ठेवून मंद आचेवर शिजवला. कुकर लावला नाही. याचा परिणाम माझ्या लक्षात आला नव्हता. आमच्या घरात घड्याळं तीन आहेत, पण वेळ कुकरच्या शिट्टीवर चालते. दुसऱ्या शिट्टीला अप्पा बातम्या बंद करतात, तिसरीला नवरा लॅपटॉप मिटायचा विचार करू लागतो. त्या संध्याकाळी शिट्टीच झाली नाही, त्यामुळे दोघंही वेळेच्या बाहेर गेल्यासारखे बसून राहिले.

जपान्यांनी भात शिजवण्याच्या कामात जितकं डोकं घातलं तितकं आपण जावयाच्या मानपानात घालतो. आपोआप बंद होणारा विजेचा भात-कुकर तोशिबा कंपनीनं १९५५ मध्ये बाजारात आणला. योशितादा मिनामी नावाच्या छोट्या कारखानदारावर ती जबाबदारी होती. पण रोज भात लावून, तापमान मोजून, कच्चा की करपला ते पाहण्याचं खरं काम त्यांच्या पत्नी फुमिको यांनी केलं. रचना अशी की आतल्या भांड्यात तांदूळ, बाहेरच्या भांड्यात पाणी. बाहेरचं पाणी आटून गेलं की उष्णता एकदम चढते आणि त्या झटक्यानं बटण बंद होतं. म्हणजे आपल्या कुकरातला डबा आणि डब्याखालचं पाणीच की. एवढाच फरक की बाहेरचं पाणी आटल्यावर त्यांचा कुकर बंद होतो आणि आपला जळतो, तोही सगळी बैठकीच्या खोलीत मालिका बघत असताना.

भात शिजला. आता निववणं. जपानी घरात यासाठी हांगिरी नावाचं लाकडाचं पसरट, तांब्याच्या पट्ट्यांनी आवळलेलं पात्र असतं. लाकूड भाताच्या अंगचं जास्तीचं पाणी पिऊन टाकतं. आमच्याकडे माळ्यावर सासूबाईंची काथवट होती. त्या तीत भाकरीचं पीठ मळायच्या. त्या गेल्यावर ती आकाशकंदिलाच्या सांगाड्याखाली जाऊन पडली होती. घासली, पाण्यानं ओली केली. कोरडी ठेवली तर सगळं व्हिनेगर तीच पिऊन बसली असती. अप्पांनी ती ओट्यावर पाहिली आणि क्षणभर त्यांना वाटलं भाकरी आहे. त्यांचा तो चेहरा पाहून मला जपानचा थोडा राग आला.

तांदळाचं व्हिनेगर, साखर आणि मीठ एकत्र गरम करताना नवरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, "आज टाइल्स घासतेयस का?" त्याचंही बरोबर आहे. आमच्या घरात व्हिनेगर यापूर्वी फक्त नळावरचे डाग काढायला आलेलं. दोन वाट्या तांदळाला चार चमचे व्हिनेगर, दोन चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, मोठ्या चमच्यानं. साखरेचा आकडा ऐकून अप्पा प्रथमच या पदार्थाबद्दल काहीसं अनुकूल बोलले.

हे पाणी उलथन्यावरून भातावर सोडायचं आणि भात ढवळायचा नाही, कापायचा. उलथनं आडवं घालायचं, उचलायचं, पुन्हा घालायचं. शितं मोडता कामा नयेत. मी हे वाचलं होतं, तीन व्हिडिओ पाहिले होते. पण हाताला कोण सांगणार? वरणभात कालवून कालवून वाढलेला हात. भात दिसला की त्याची बोटं आपोआप आत वळतात. दर तिसऱ्या फेरीला मी स्वतःलाच ओरडत होते, "काप! काप! कालवू नकोस!" आणि बाहेर अप्पा नवऱ्याला विचारत होते, "कुणाशी बोलतेय ती?"

एकीकडे कापायचं आणि दुसरीकडे वारा घालायचा. वाऱ्यानं वरची वाफ चटकन उडते, भात पचपचीत होत नाही आणि दाण्यावर एक तुकतुकी चढते. वारा घालायला नवऱ्याला उभा केला. त्यानं सीलिंग फॅन पाचवर ठेवून प्रश्न मिटवायचा प्रयत्न केला. त्यानं भाताला वरून पापुद्रा धरतो, म्हणून तो बंद करवला. वाळ्याचा पंखा होता, पण त्यानं भाताला देवघराचा वास लागला असता. शेवटी फ्रिजच्या मागून पुठ्ठ्याचा एक पंखा निघाला. महापालिका निवडणुकीतला. त्यावर उमेदवार हात जोडून हसत होता.

नवरा त्या हसऱ्या चेहऱ्यानं भाताला वारा घालत होता तेव्हा मला आठवलं, की जपानमध्ये २०१४ साली कायदामंत्री मिदोरी मात्सुशिमा यांनी आपल्या मतदारसंघात असेच हातपंखे वाटले, त्यावरून गदारोळ झाला आणि त्यांना मंत्रिपद सोडावं लागलं. पंख्यांवरून! मी हे सांगितलं तेव्हा नवऱ्याचा हातच थांबला. आमच्या पंख्यावरचा गृहस्थ निवडून आला होता, आणि पुढच्या खेपेस त्यानं छत्र्या वाटल्या.

"हलव, हलव," मी म्हटलं. "किती गार करायचाय?" "अंगाला लागेल इतका. माणसाच्या अंगाइतका कोमट." मी भातावर तळहात ठेवून पाहिला. तेवढ्यात अप्पा आत आले. सूनबाई भाताच्या कपाळावर हात ठेवून उभी आहे आणि मुलगा पंख्यानं वारा घालतोय, हे दृश्य त्यांनी शांतपणे पाहिलं. "थर्मामीटर देऊ?" ते म्हणाले.

शेजारच्या काकू वाटी परत द्यायला आल्या होत्या. त्यांनी व्यवहारी सल्ला दिला, "अगं, गारच करायचाय ना? फ्रिजात ठेव." सगळ्यांना हेच सुचतं आणि नेमकं हेच करायचं नसतं. शिजलेल्या भातातला स्टार्च थंडीत पुन्हा घट्ट बांधला जातो, आणि फ्रिजच्या तापमानाला हे सर्वांत वेगानं होतं. म्हणून फ्रिजातला भात चावताना दातांना कळतो. साखर या कडक होण्याला जरा आवर घालते आणि व्हिनेगरच्या आंबटपणामुळे भात काही तास बाहेरही नासत नाही. मी हे काकूंना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि जाताना नवऱ्याला हळूच म्हणाल्या, "जागा नाहीये का फ्रिजात?"

भाज्यांपैकी मला खरी हौस कमळकाकडीची होती. उल्हासनगरच्या बाजारात ती सिंधी गिऱ्हाइकांसाठी कायम असते. बाहेरून चिखलानं माखलेली, आणि आडवी कापली की आत भोकांची नक्षी. चकत्या व्हिनेगरच्या पाण्यात टाकल्या नाहीत तर बघता बघता काळवंडतात. जपानमध्ये सणासुदीला ती शुभ मानतात, कारण तिच्या भोकांतून पलीकडचं, म्हणजे पुढचं दिसतं. मी एक चकती अप्पांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा वर सारला, चकती डोळ्याला लावली, माझ्याकडे रोखून बघितलं. "काय दिसतंय, अप्पा?" "साडेआठ वाजलेत आणि जेवण झालेलं नाही."

काकडीला मीठ चोळून ती पिळून घेतली. जपानीही काकडी अशीच पिळतात आणि वर व्हिनेगर-साखर घालतात, त्यामुळे तिथवर माझा हात सराईत होता. पुढे मात्र त्या हातानं सवयीनं दाण्याच्या कुटाचा डबा उघडला. चमचा बुडाला. भाची दिसत नव्हती. आणि तोक्योच्या शेजारचा चिबा प्रांत शेंगदाण्यासाठी प्रसिद्ध आहे, हे मला माहीत होतं. तेवढा आधार पुरला.

ड्रेसिंगला सोय सॉस, किसलेलं आलं आणि भाजलेल्या तिळांचं तेल. हे तेल तपकिरी असतं, थेंबाथेंबानं घालायचं असतं आणि बाटली उघडली की संक्रांत आल्यासारखी वाटते. आपलं तिळाचं तेल कच्च्या तिळांचं. ते मारुतीला, नाहीतर अभ्यंगाला. बाटलीवरचं नाव वाचून नवऱ्यानं काळजीनं विचारलं, "गुडघे पुन्हा दुखतायत का?"

सर्वांत मोठा वाद नोरीवर झाला. काळे, कागदासारखे पातळ पत्रे. "हे काय?" "समुद्रातलं शेवाळ." "शेवाळ आपण टाकी धुताना काढतो," अप्पा म्हणाले. तेव्हा मी त्यांना कॅथलीन ड्रू-बेकर या इंग्लंडमधल्या बाईंची हकिगत सांगितली. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये नोरीचं पीक बुडत होतं आणि तिचं बी कुठून येतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. या बाईंनी १९४९ मध्ये दाखवून दिलं की हे शेवाळ आयुष्याचा एक टप्पा शिंपल्यांत काढतं. त्यावरून जपान्यांनी शेती बसवली आणि धंदा उभा राहिला. बाई स्वतः जपानला कधी गेल्या नाहीत. तरी कुमामोतो प्रांतात उतो इथं त्यांचं स्मारक आहे आणि दर १४ एप्रिलला तिथं त्यांच्या नावानं उत्सव होतो. "स्मारक बांधून झालंय?" अप्पांनी विचारलं. "म्हणजे भूमिपूजन नव्हे, बांधून?" "१९६३ सालीच." "मग घाल," ते म्हणाले.

सगळं काथवटीत रचत असताना मी त्यांना ओकायामाची गोष्टही सांगितली, कारण आता श्रोता हाती लागला होता. तिथला सतराव्या शतकातला सरदार इकेदा मित्सुमासा काटकसरीचा. प्रजेनं जेवणात एक सूप आणि एकच पदार्थ घ्यावा, असा त्यानं हुकूम काढला. लोक हुशार. त्यांनी मासे, भाज्या, जे काय घरात होतं ते सगळं भातात दडवलं आणि 'हा एकच पदार्थ' म्हणून दाखवलं. तिथली भरगच्च चिराशी त्यातून आली, असं सांगतात.

अप्पा एकदम खुर्चीत सरसावले. "गेस्ट कंट्रोल!" ते म्हणाले. धान्यटंचाईच्या काळात समारंभाला ठरावीक संख्येपलीकडे जेवण घालायला सरकारची बंदी असे, आणि अप्पांचं लग्न नेमकं त्यात सापडलेलं. मग वऱ्हाडाकडची माणसं चाळीतल्या बिऱ्हाडांत वाटून दिली, दर बिऱ्हाडात चार-पाच, घरचीच माणसं म्हणून. तपासणीला आलेल्या माणसालाही एका बिऱ्हाडात बसवून जेवू घातलं. "तो कुणाकडे जेवला ते मला ठाऊक आहे," अप्पा म्हणाले, "पण सांगणार नाही." ओकायामाच्या लोकांबद्दल त्यांना त्या क्षणापासून जो आपलेपणा वाटू लागला, तो माझ्या स्वयंपाकानं काही वाटला नसता.

जेवलो. काथवट टेबलाच्या मधोमध होती. पांढऱ्या भातावर हिरवी काकडी, गाजराचे काप, कमळकाकडीची चाकं, गुलाबी आलं, वर तीळ आणि कात्रीनं कापलेल्या नोरीच्या काळ्या काड्या. भाताला आंबटगोड चव होती, तेलाचा खमंग वास होता, आणि इंद्रायणीचा वासही होता, जो भाचीला नको होता आणि मला हवा होता. नवऱ्यानं दुसऱ्यांदा घेतलं. अप्पांनी काही न बोलता ताट स्वच्छ केलं, पाण्याचा घोट घेतला आणि ताट पुढे सरकवलं.

"छान होतं हो. बरं, आता भात वाढ."

"अप्पा, हा भातच होता."

"हो, ते झालं. आता ताकभात."

त्यांचं काही चुकत नव्हतं. लग्नाच्या पंगतीत मसालेभात होऊन जिलबी होऊन मठ्ठा येतो, तरी शेवटी साधा भात विचारतातच. पण घरात साधा भात नव्हता. होता तेवढा सगळा व्हिनेगरात गेलेला. काथवटीच्या कडेला वर काही न पडलेला थोडा उरला होता, तो मी दाखवला. "यात व्हिनेगर आहे, अप्पा. साखर आहे."

"ताक काय गोड असतं?" म्हणत त्यांनी तो वाढून घेतला, वर ताक ओतलं आणि पाची बोटांनी व्यवस्थित कालवला. मी अर्धा तास जपलेलं एकूण एक शीत मोडलं. एक घास घेतला. थांबले. दुसरा घेतला.

"साखर जरा पुढे आहे," ते म्हणाले. "लिंबाचं लोणचं आण."